घाटावरचा गोसावी

"गो तुळसा, नदी चालतेय बघ!" सखूने तिचा दंड दाबला.

रत्नागिरीच्या माळावर तंबू लागला होता. आत पडद्यावर मुकी काशी हलत होती आणि कोटातले एक गृहस्थ बाजूला उभे राहून सांगत होते, जीव कुठून येतो, कुठे जातो, मोक्ष म्हणजे काय. तुळसाचे डोळे मिटत होते. दिवसभर काथ्या वळून तळहात सोलवटले होते. पुण्य लागेल म्हणून शेजारच्या सखूने ओढून आणलं, एवढंच.

तेवढ्यात घाटावर एक गोसावी धोतर पिळू लागला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. पिळून झाल्यावर त्याने धोतर दोनदा झटकलं आणि मान वाकडी करून हसला.

तुळसा ताठ झाली. ती बोटं आगबोटीच्या साखळीत गेली होती. त्या जखमेवर हळद तिनेच बांधली होती.

"ना घर, ना दार, ना कसली चिंता!" कोटवाले म्हणाले. "हेच खरं सुख."

चित्र बदललं.

बोटं गेल्यावरही वीस साली तिचा नवरा भागोजी पुन्हा बोटीवर खलाशी म्हणून गेला, तो परतलाच नाही. बुडाला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आता बारा वर्षं भरली. येत्या सोमवारी धाकटा दीर भिकाजी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देणार होता. त्याच दिवशी तुळसाचं कुंकू पुसलं जायचं होतं. तिने विरोध केला नव्हता. वाट बघून ती दमली होती. नको म्हणत होती ती फक्त आंधळी सासू.

खेळ संपल्यावर तुळसा कोटवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली. "त्यो धोतर पिळणारा... कधीचा म्हणायचा?"

"गेल्या साली घेतलं ते चित्र. का हो बाई?"

"नाव काय त्याचं?"

"साधूला नाव नसतं, बाई," ते समजुतीने म्हणाले.

वाटेत सखू मोक्षाबद्दल बोलत राहिली. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन वाडीत आलेल्या सखूने भागोजीला पाहिलंच नव्हतं. तुळसा गप्प राहिली असती, तर सोमवारी सगळं मिटलं असतं.

सासू ओटीवर बसून होती. "काय दाखवलान गो?"

तुळसा तिच्याशेजारी टेकली. "आये, पुतळा नको. त्ये जिते हायत. काशीच्या चित्रात दिसले."

म्हातारीने चाचपत तिचा चेहरा धरला. भिकाजी आतून धावत आला. "वैनी, तुमी नक्की बगितलंव?"

"दोन बोटं नव्हती, भावजी."

भिकाजी म्हणाला, "मग माणूस धाडूया काय?"

"घर ठावं हाय त्यांना," तुळसा म्हणाली.

मग म्हातारीनेच हळूच विचारलं, "अंगावर काय होतं गो त्याच्या? थंडी असंल तिकडं."

पडद्यावर तो उघडाबंब होता.

"घोंगडी होती, आये. चांगली जाड."

"बरं झालं," म्हणत म्हातारी भिंतीला टेकली.

तुळसा मागच्या पडवीत गेली. समुद्राची गाज ऐकू येत होती. इतकी वर्षं तो आवाज आला की तिला रडू फुटायचं. आजही ती कान देऊन उभी राहिली, पण रडू आलं नाही. मग वाकून उद्या वळायचा काथ्या तिने भिजत घातला.