अंगठ्यापुरती चित्रकला

बालवर्गाच्या चित्रबाईंचं सफरचंद इतकं गोल यायचं, की शाळेतला कंपास लाजून गंजला. एका कावळ्याने म्हणे खरं समजून त्यावर चोच मारली, आणि तेव्हापासून बिचारा तिरकं काव काव करतो.

आणि मुलांच्या हातून काय यायचं? घर म्हणून काढलेला गुंता, आई म्हणून काढलेला बटाटा, आणि त्या बटाट्याला फुटलेले पाय. बाईंना ते बघवत नसे. "यांच्यापेक्षा कोंबड्या बऱ्या उकरतात," त्या नाक मुरडत म्हणायच्या.

म्हणून त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. चित्र बाईंनी काढायचं, मुलाने अंगठा रंगात बुडवून खालच्या कोपऱ्यात उमटवायचा. झालं मुलाचं चित्र! उरलेला तास हाताची घडी, तोंडावर बोट.

यंदा पालकांसाठी भरणाऱ्या चित्रप्रदर्शनावर बाईंचा जीव टांगला होता. मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या, आणि त्यांची खुर्ची कुणाला द्यायची हे शाळेचे अध्यक्ष प्रदर्शनातच जाहीर करणार होते. खुर्ची हुकली, तर पुढचा जन्मही लोकांच्या पोरांची नाकं पुसण्यात जायचा. बाईंनी घरच कामाला जुंपलं. नवऱ्याकडे आभाळ, सासूकडे गवत.

"सूनबाई, अख्ख्या वर्गाचं गवत मी एकटीनेच उगवू का? कंबरडं मोडलं माझं."

"आई, रेषेबाहेर जाऊ नका. मुलांचं काम आहे, नीटनेटकं नको दिसायला?"

"मुलांचं आहे ना? मग मुलांना दे की!"

"त्यांना दिलं तर ते मुलांनी केल्यासारखं दिसेल!"

नवरा आभाळ अर्धवट टाकून खो खो हसला. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

प्रदर्शनात भिंतभर एकाच साच्यातली घरं आणि झाडाझाडाला कंपासच्या मापाची सफरचंदं. पालक हरखले. चष्मेवाला एक बाप छाती फुगवून म्हणाला, "हे आमच्या चिंगीचं! हात बघा कसा बसलाय!"

"अहो, ते आमच्या सोन्याचं," शेजारची आई तडकली.

शेवटी दोघांनी हाताला लागलं ते घेतलं. बिघडलं कुणाचंच नाही.

अध्यक्षांनी पाहुणी म्हणून एका म्हाताऱ्या चित्रकर्तीला बोलावलं होतं. तिने भिंतीला नाक लावून सगळी घरं पाहिली आणि म्हणाली, "मुलांना कोरे कागद द्या. इथे, माझ्यासमोर काढू देत."

कागद संपलेत, असं बाई सांगणार होत्या. पण अध्यक्ष मान डोलवत होते, नाही कसं म्हणणार? कागद वाटले गेले, रंगाच्या वाट्या मांडल्या गेल्या.

मुलं शिकवल्याप्रमाणे वागली. प्रत्येकाने अंगठा बुडवला, कोपऱ्यात टेकवला, कागद बाईंकडे सरकवला आणि हाताची घडी घातली.

"आणि पुढचं?" म्हातारीने विचारलं.

"पुढचं बाई काढतात," चिंगीने एखाद्या मठ्ठ पोराला समजवावं तसं सांगितलं. "तुमच्या बाई नव्हत्या काढत?"

म्हातारी बाईंकडे वळली. "या वर्गाला शिक्षिका कशाला हवी? रबरी शिक्का पुरे."

बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. गेली खुर्ची, संपलं सगळं, असं वाटत असतानाच चष्मेवाला उठला.

"बघितलंत? बाई नसत्या तर आमच्या पोरांचे कागद कोरेच राहिले असते!"

"नाहीतर काय! घरी रंग दिले की भिंती बरबटतात मेली," सोन्याची आई म्हणाली. मघाचं भांडण विसरून दोघांच्या माना एका तालात हलू लागल्या.

वारा येईल तिकडे पाठ फिरवण्यात अध्यक्षांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते उठले. "आज सर्वांसमक्ष सिद्ध झालं, की मुलांना काहीही येत नाही. म्हणजेच बाईंची गरज किती मोठी आहे! खुर्ची बाईंचीच!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. "गाढवांपुढे वाचली गीता," म्हणत म्हातारीने पिशवी उचलली. बाईंनी तिला दारापर्यंत पोचवलंसुद्धा. मोठ्या पदाला शोभेल असं वागायला त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

नव्या खुर्चीतून पहिला हुकूम सुटला: संमेलनात गाणं संगीतबाईंनी पडद्याआडून म्हणायचं, मुलांनी नुसते ओठ हलवायचे. तालमीला बाई जातीने हजर राहिल्या. पेटी वाजली, पडद्याआडून सूर आला, मुलांनी ओठ हलवले. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"छे! कार्ट्यांची तोंडंसुद्धा सारखी उघडत नाहीत."