बाहुलीची चवथ

कृष्णनाथबाबाच्या घरची बोलती बाहुली मुकी झाली, ती मी केली. डिचोलीत कुणालाही विचारा, मेण जुनं होतं म्हणून सांगतील. खोटं आहे. मी ठरवून केली.

आधी त्याने काय केलं ते ऐका. माझं माहेर पेडण्याचं. मी पाळण्यात असतानाच आई गेली. तिचा फोटो नाही, लुगडं नाही. होता तो फक्त पेल्याएवढा एक मेणाचा रूळ. बापूस ज्या भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, कामाला होता, त्याच्या घरी कर्ण्याचा फोनोग्राफ होता. त्यावर गाणं ऐकता येई आणि कोरा रूळ लावून कर्ण्यात गायलं तर आवाज भरताही येई. भाटकाराने एकदा मजेत माझ्या आईला गायला लावलं आणि तो रूळ तिलाच देऊन टाकला. आमच्या घरी यंत्र कुठलं? रूळ कधी वाजलाच नाही. बापसाने तो कापसात गुंडाळून डब्यात जपला आणि माझ्या लग्नात माझ्याबरोबर दिला. पन्नाशी आली तरी आईचा आवाज एकदा ऐकायचा, एवढी एकच इच्छा धरून मी बसले होते.

कृष्णनाथ माझ्या सासरचा, आमच्याच वाड्यावरचा. जुने फोनोग्राफ जमवायचं त्याला वेड. जुन्या घरातलं सामान कुठेही विकायला निघालं की हा हजर. मी विश्वासाने रूळ त्याच्याकडे नेला. "सुई बसयतां, मागीर आयकयतां," म्हणाला, म्हणजे आधी सुई बसवणार, मग ऐकवणार. त्याच दिवसांत गोवा राज्य झालं. पणजीत याच्या यंत्रांचं प्रदर्शन ठरलं, आणि पाहुण्यांना आवाज भरून दाखवायला याला कोरा रूळ हवा होता. तो मिळेना. तेव्हा या माणसाने माझ्या रुळावरचं मेण पात्याने तासून गुळगुळीत केलं आणि त्यावर स्वतःचं भाषण भरलं. नव्या राज्याला शुभेच्छा! मी जाब विचारला तर खांदे उडवून म्हणाला, "तातूंत कांयच नासलें गे. नुस्ती घरघर." त्यात म्हणे काहीच नव्हतं!

मी रडले नाही. रागाच्या भरात चुलीवरचा भात करपला, तोच गिळला.

त्याचा जीव कशात आहे ते सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. वास्कोच्या एका म्हातारीकडून आणलेली ती बाहुली. पत्र्याचं पोट, लाकडाचे हातपाय, पोटात मेणाची इवलीशी बांगडी आणि पाठीला दांडा. दांडा फिरवला की ती इंग्रजी बडबडगीत म्हणायची म्हणे. म्हणे अशासाठी, की हा तिला बोलूच देत नसे. दर वेळी सुई थोडं मेण खाते, आवाज झिजतो. म्हणून बाहुली काचेच्या कपाटात आणि किल्ली याच्या कनवटीला.

चवथ आली आणि याला मिरवायची हौस नडली. पेपरवाले येणार म्हणून त्याने बाहुली गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीखाली, गणपतीच्या शेजारी मांडली. चवथीच्या दिवसांत दारात आलेल्या माणसाला आमच्याकडे देवासमोर नाही म्हणत नाहीत. एवढा हुशार माणूस, पण तेवढंच विसरला.

आरती झाली, घुमटं वाजायची थांबली. भरल्या घरात मी मोठ्याने म्हटलं, "बाब, देवाफुडें मांडल्या न्हय तिका? मागीर देवाक आयकय तरी!"

त्याचा चेहरा उतरला. "चंद्रावतीबाय, मेण पोरनें जालां..."

"देवाक ना म्हणटा तूं?"

त्याची बायको पद्मावती देवभोळी. तिनेच घाबरून दांडा फिरवला. किरट्या, भेदरलेल्या आवाजात बाहुली बोलली आणि पोरांनी एकच कालवा केला.

मग मी कामाला लागले. शेजारच्या वाड्यावरच्या बाया, भजनी मंडळ, खाणीवरची कोल्हापूर-बेळगावकडची माणसं, दिसेल त्याला सांगत सुटले. कृष्णनाथबाबाकडे जा, देवाला नमस्कार करा आणि बाहुलीला बोलवा. माणसं लोटली. हा ओठ आवळून उभा, कुणाला अडवता येईना. आवाज आधी पातळ झाला, मग शब्द गळाले. विसर्जनाच्या दुपारी नुसती खरखर उरली. शेवटचा दांडा मी फिरवला. इतकं समाधान मला माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

गणपती पाण्यात गेला, माणसं घराकडे वळली. ओहोळाच्या काठी आम्ही दोघंच मागे राहिलो. त्याला सगळं कळलं होतं. शिव्या देईल म्हणून मी पदर खोचून तयार होते. पण तो अगदी शांतपणे बोलला.

"तुज्या आवयचो आवाज हांवें आयकला. तासचे आदीं एकदां लायल्लो. घरघर म्हणून तुका फट मारली."

म्हणजे मेण तासण्याआधी याने माझी आई ऐकली होती, आणि घरघर ही निव्वळ थाप होती.

"पयलीं ती गायली. मागीर तुजें नांव घेवन कितें तरी म्हणलें. सगळें याद आसा म्हाका. आतां तुका सांगचो ना. मरसर सांगचो ना."

मरेपर्यंत सांगणार नाही म्हणाला आणि चिखल तुडवत निघून गेला.

खरं बोलला की मला जाळायला बोलला, देव जाणे. मी त्याच्या दारात जाऊन बसले, पद्मावतीकडून निरोप धाडले, शेवटी हातसुद्धा जोडले. तो तोंड उघडत नाही. मध्यंतरी त्याला धाप लागली आणि इस्पितळात न्यावं लागलं. ज्या सातेरी देवीला मी याचं वाटोळं कर म्हणून गाऱ्हाणं घातलं होतं, तिच्याच पुढे त्या दिवशी मी नारळ ठेवला आणि म्हटलं, आई, याला जगव. आणि तसं म्हणावं लागलं म्हणून मला त्याचा आणखीच राग आला.