जावयाची गाठ

जावईबापूंना हाऊसबोटीत राहायची लाज वाटायची. हे बायकोला माहीत होतं, सासऱ्यांना माहीत होतं आणि बंदरातल्या कावळ्यांनाही बहुतेक माहीत असावं. लग्न ठरताना ‘पाण्याकाठी घर आहे’ एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. घर काठी नसून पाण्यातच आहे, हे नंतर कळलं. ऑफिसात मात्र ते अजून ‘पाण्याकाठी’वरच टिकून होते.

बोट सासऱ्यांची. उभा जन्म त्यांनी बंदरात प्रवासी बोट चालवली, म्हणून सगळा धक्का त्यांना कप्तान म्हणे. सासूबाई गेल्या, नोकरी संपली, आणि कप्तानांकडे एकच काम उरलं: दोर. दगडी धक्का जागचा हलत नाही, पाणी मात्र चढतं-उतरतं. ओहोटीला दोर सैल सोडायचे, भरतीला ओढून घ्यायचे. विसरलं तर बोट पाण्याबरोबर खाली जायच्या ऐवजी धक्क्याला लटकते. या कामाला कप्तान कुणाला हात लावू देत नसत. पण मध्यंतरी ते गॅसवर दूध ठेवून विसरले, मग एकदा शेजारच्या शिंपीणकाकूंच्या बोटीत शिरून स्वतःचं घर समजून पेपर वाचत बसले. तेव्हा मेव्हण्याने जाहीर केलं, “आणखी एक घोटाळा झाला, की बाबा माझ्याकडे. अकराव्या मजल्यावर.” कप्तान त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि एका रविवारी ऑफिसचे साहेब सपत्नीक चहाला यायचे ठरले. ‘पाण्याकाठचं घर’ बघायचा हट्ट साहेबांच्या बाईंनीच धरला होता. जावईबापू सकाळपासून घामाघूम. दुपारी कप्तानांनी ओहोटी लागणार म्हणून दोर सैल केले आणि आपल्या खोलीत जाऊन आडवे झाले. त्याबरोबर बोट धक्क्यापासून हातभर सरकली आणि डुलायला लागली. मधली फळी करकरू लागली. उंच टाचांच्या बाई या फळीवरून येणार? जावईबापूंनी इकडेतिकडे पाहिलं, जीव खाऊन दोर ओढले, बोट धक्क्याला चिकटवली आणि लोखंडी खुंट्यांना गाठीवर गाठी मारत सुटले. वर शोभेला, बुटाच्या नाडीला बांधतात तसं, दोन कानांचं फूल. त्यांना तेवढंच येत होतं.

पाहुणे आले. बोट जागची हलली नाही. “अगदी घरासारखं आहे हो!” बाई म्हणाल्या, आणि जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या आनंदात ते दोघांना गाडीपर्यंत सोडायला गेले, तिथे गप्पा मारत उभे राहिले, आणि दोर त्यांच्या डोक्यातून साफ गेले.

परत आले तेव्हा धक्क्यावर गर्दी. पाणी खाली गेलेलं आणि बोट एका बाजूने दोरांना लटकून कललेली. आतून भांडी गडगडल्याचा आवाज आला. शिंपीणकाकूंनी कुऱ्हाड आणून दोर तोडले तेव्हा बोट धप्पकन पाण्यात बसली. बायको मनगट धरून बाहेर आली. काचेचं कपाट तिच्या हातावर पडलं होतं. तिच्या मागून गंजीफ्रॉकातले कप्तान आले.

“मी सोडले होते गं,” ते म्हणाले. “देवाशपथ, सोडले होते.”

“हो बाबा,” ती म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

जावईबापूंनी तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते एवढंच, “आधी डॉक्टरकडे जाऊ.”

मनगटाला प्लास्टर बसलं. गळ्यात अडकवायच्या झोळीची गाठ जावईबापू रोज सकाळी मोठ्या प्रेमाने मारून देत. मेव्हण्याचा फोन आला आणि दिवस ठरला. शिंपीणकाकूंनी नवे दोर बांधून दिले, शेजारच्या खुंट्यांना. कप्तान लाजेने बोटीबाहेर पडेनात. आधी ते भांडले, मग गप्प झाले, आणि एका सकाळी स्वतःच म्हणाले, “नसतील सोडले. स्वप्नात सोडले असतील.”

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला शहाणासुरता माणूस आपल्यामुळे स्वतःला वेडा समजायला लागला होता. तरी संध्याकाळपर्यंत त्यांना धीर झाला नाही. बापलेक बॅग भरत बसले होते तेव्हा ते एकदाचे बोलले, “दोर मी आवळले होते. तुम्ही सोडले होते, मी परत आवळले.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबांसाठी स्वतःवर घेतोस होय रे?”

“जावईबापू, मन मोठं आहे तुमचं,” कप्तान म्हणाले. “पण खोटं बोलायला जमत नाही तुम्हाला. दोराला कधी हात तरी लावलाय का?”

आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे जावईबापूंना ते बरं वाटलं. खरं सांगून झालं होतं, कुणी ऐकलं नाही, आता आपला काय दोष? बायकोने चहा दिला, बिस्किटं पुढे केली. कप रिकामा होईपर्यंत त्यांनी ते मोठं मन मिरवलं.

मग कचरा टाकायला ते धक्क्यावर गेले, तर जुन्या खुंट्यावर तुटका दोर तसाच होता. वर दोन कानांचं फूल. हे सासऱ्यांनी पाहिलं तर? त्यांनी घाईघाईने ती गाठ ओढली. पाण्यात फेकून द्यायची होती, दुसरं काय! नखांनी ओढली, दातांनी ओढली. बोटीच्या वजनाने आवळलेली गाठ हलेना. तोंडात खारट काथ्या घेऊन ते वाकलेले असताना त्यांना आपण कसे दिसतो आहोत ते दिसलं. स्वतःचीच अशी किळस त्यांना कधी आली नव्हती.

ते आत गेले. “बाबा, चला. काहीतरी दाखवायचंय.”

कप्तान खुंट्यापाशी वाकले. गाठ चाचपली, फुलाचे कान चाचपले. मग जावईबापूंच्या बुटांकडे पाहिलं.

“मी विसरलो नव्हतो,” ते हळूच म्हणाले. मग ओरडलेच, “अगं बाहेर ये! काकू, तुम्हीपण या! मी सोडले होते! मी विसरलो नव्हतो!” त्यांनी जावईबापूंना घट्ट मिठी मारली. “वाचवलंत मला, जावईबापू!” दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जावईबापूंना वाटलं.

बायको बाहेर आली. तिने गाठ पाहिली. “डॉक्टरकडे नेताना तुला माहीत होतं?”

“हो.”

धावत येताना तिची झोळी मानेवर सैल झाली होती. सवयीने जावईबापूंनी हात पुढे केला.

“राहू दे,” ती मागे सरकत म्हणाली. “बाबा बांधतील.”