फोटोतून हद्दपार झालेला हातोडा

मी एक जुना हातोडा आहे. मित्रांनो, खिळे ठोकणारा नव्हे, खडक फोडणारा. कॉलेजातल्या भूशास्त्राच्या मॅडमच्या पिशवीत बसून मी कितीतरी डोंगर पालथे घातले. खडकाचा फोटो काढताना मला शेजारी टेकवून ठेवायची पद्धत असते. माझी लांबी ठाऊक असली की खडक केवढा ते कळते. त्यामुळे विभागातल्या जुन्या फोटोंत खडकाइतकाच मीही मिरवतो.

पुढे पडद्यावरची सहल आली. विभागप्रमुख सरांनी हौसेने फोटो काढून संगणकात अख्खा डोंगर उभा केला. मुलांनी मोठाले चष्मे लावायचे आणि खुर्चीत बसून कडे चढायचे. मी काचेच्या कपाटातून बघत जळफळत असे. पण एकीचा आनंद पाहून वरमलोही. ती व्हीलचेअरवर असे. सारख्या शंका विचारते म्हणून वर्ग तिला शंकाताई म्हणे. आजवर सहलीत ती बसमध्येच बसून राहायची. आता तीही कड्यावर पोहोचली होती.

सर तर हवेतच होते. यावरची परीक्षा नीट पार पडली की खरी सहल कायमची बंद, असे त्यांनी सांगून टाकले. मॅडमचा चेहरा उतरला.

परीक्षेत खडकाच्या थरांना पडलेली एक सुंदर घडी दाखवली होती. ती केवढी आहे, असा प्रश्न होता. कुणी लिहिले तीन मजली इमारतीएवढी, कुणी टेकडीएवढी. सरांनी कपाळाला हात लावला, कारण घडी होती जेमतेम तळहाताएवढी. शंकाताईने तर उत्तरच लिहिले नव्हते. सरांनी कारण विचारले.

"सर, फोटोत हातोडा कुठाय? तो नाही, आणि आम्हीही तिथे गेलो नाही. मग कळणार कसं?"

गंजका हातोडा शोभत नाही म्हणून सरांनीच मला बाजूला सारले होते. ते आधी ओशाळले, मग सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

खरी सहल वाचली. पडद्यावरचीही राहिली, आधी वाट ओळखीची व्हावी म्हणून. मॅडमनी या वेळी रस्त्यालगतचाच कडा निवडला. शंकाताईची खुर्ची थेट खडकाला भिडली आणि मी तिच्या हातात आलो. पहिला घाव हुकला, दुसरा बसला. तपकिरी खडक आतून काळाभोर निघाला. तिने त्यावर बोट टेकवले.

"आतून गार आहे," ती हळूच म्हणाली. दिवसभर तिने मला कुणाच्या हाती दिले नाही.

मित्रांनो, पडदा खुशाल बघा. पण मला गंजू देऊ नका, तेलाचा हात फिरवा आणि बरोबर न्या. कुणाला चढता येत नसेल, तर त्याच्या हाताला लागेल असा खडक शोधा. तो असतोच.