मुंग्यांची साक्ष

"बघा, बघा! एकसुद्धा मुंगी नाही!"

माझा भाऊ मेनो ओरडला आणि ओसरीवरच्या सगळ्या गवती टोप्या भक्तिभावाने खाली झुकल्या.

समोर पत्र्याच्या दोन ताटल्या. एकीत मेनोच्या दोन महिन्यांच्या लेवीचा सकाळचा ओला लंगोट, त्यावर मुंग्यांची रांग. दुसरीत, प्रार्थनेने रोग घालवणाऱ्या सायलसबुवांच्या प्रार्थनेनंतरचा लंगोट, तिकडे मुंगी फिरकेना. पोराच्या लघवीतली साखर, त्याचा जन्मापासूनचा मधुमेह, म्हणे पळाला!

"मी कोण? नुसता त्याचा हात!" बुवा डोळे मिटून म्हणाले. "आता सुई टोचाल, तर देवावर संशय घ्याल."

इन्सुलिनची बाटली ओतून द्यायला मेनोने झाकण काढलंसुद्धा.

"थांबा हो जरा!" लोविना वहिनी म्हणाली. आम्हा आमिश लोकांत, अमेरिकेतल्या जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथात, बायका पुरुषांच्या घोळक्यात बोलत नाहीत. ती बोलली. काकवीची बरणी आणून तिने दुसऱ्या ताटलीत उपडी केली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" मेनो खेकसला.

"मुंग्यांनाच विचारतेय. तुम्ही विचारलंत तसं."

काकवी पसरली, पण एकही मुंगी काठ ओलांडेना. वहिनीने काठावर बोट फिरवून माझ्या नाकाशी धरलं. पुदिन्याचं तेल! त्याच्या वासाने मुंग्या लांब पळतात. तो वास आम्ही बुवांच्या पवित्र तेलाचा समजत होतो. बुवा "या घरात श्रद्धाच नाही" पुटपुटत घोडागाडीत चढले.

"पोर अजून तहानेने रडतंय," वहिनी म्हणाली. "लंगोट जड होतात, मीच पिळते ना ते! मला विचारायचं सुचलं नाही कुणाला?"

मी शाळेत शिकवणारी बाई, मीही मघाशी त्या टोप्यांबरोबर डोकं झुकवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे रक्ततपासणीत कळलं, की लेवीचं शरीर इन्सुलिन बनवतं, पण एका जनुकातल्या दोषामुळे ते बाहेर सोडायचं दारच उघडत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला दवाखान्यात ठेवून, साखर मोजत मोजत, ते दार उघडणारी गोळी पाण्यात विरघळवून सुरू केली. हळूहळू सुई सुटली.

"सगळ्यांची सुटत नाही हं," त्यांनी बजावलं. "ज्याचा दोष असा, त्याचीच. आणि तपासल्याशिवाय तो कळत नाही."

आता लंगोट मेनो पिळतो. वहिनीच्या नजरेला नजर देत नाही अजून.

देवावर श्रद्धा ठेवा, कोण नको म्हणतंय? पण ताटलीच्या काठावरून बोट फिरवून बघा. आणि त्याच्याही आधी पोराच्या आईला विचारा.