अकरा नंबरची पट्टी

काकूंच्या हाताला यश होतं, आणि ते काकूंना चांगलं ठाऊक होतं. बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत जेल, म्हणजे विजेच्या प्रवाहानं नमुने तपासायची जेलीसारखी पातळ वडी, चालवत होत्या. गाठीतलं एक एन्झाइम पेशींभोवतीचं जाळं कापत जातं आणि कॅन्सरला वाट करून देतं. त्याचा माग काढायचं हे काम. जेलमध्ये आधीच जिलेटिन मिसळायचं, त्यात नमुना सोडायचा, शेवटी निळा रंग द्यायचा. एन्झाइमनं जिथे जिलेटिन खाल्लं, तिथे रंग चढत नाही, पांढरी पट्टी उरते.

त्या सोमवारी अकरा नंबरला लख्ख पट्टी आली. अकरा नंबर म्हणजे गाठीपासून लांबचा, निरोगी तुकडा. तिथे पट्टी यायचं काहीच कारण नव्हतं.

"नळ्यांची अदलाबदल झाली तुमच्याकडून," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "फेकून द्या तो नमुना. वय झालं, काकू. उद्यापासून जेल नवे डॉक्टर चालवतील, तुम्ही काचसामान धुवा."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती!

"उद्यापासून ना? मग आज जेल माझं आहे."

त्यांनी फ्रीजरमधून रुग्णालयाचं सील असलेला अकराचा दुसरा तुकडा काढला. त्याचा अर्क अर्धा तसाच चालवला, अर्धा उकळून. उकळलं की एन्झाइम मरतं, हे त्यांनी कित्येक नवशिक्यांना कान धरून शिकवलं होतं. सकाळी कच्च्यात पट्टी होती, उकळलेल्यात नव्हती. काकूंनी थेट सर्जनला फोन लावला.

"डॉक्टर, हा तुकडा नेमका कुठून घेतलात?"

सर्जननी कागद चाळले. "तीन आठवड्यांपूर्वी गाठीपासून लांबूनही एक तुकडा तपासणीला काढला होता, त्या जखमेच्या कडेचा. जखम भरत आली होती."

काकू हसल्या. जखम भरताना जुनं जाळं कापून नवं विणायला शरीर हेच एन्झाइम कामाला लावतं. कॅन्सरनं ही विद्या शरीराकडूनच उचललेली.

काकूंनी सर्जनचं उत्तर मॅडमना सांगितलं; मॅडमनी जेल उजेडासमोर धरून दोन्ही रांगा ताडून पाहिल्या. "चूक माझी, काकू. जेल तुमचंच."

"ते मला माहीत आहे," काकू ताठ बसून म्हणाल्या. "काल ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना सांगा."

मॅडमनी दार उघडलं आणि नव्या डॉक्टरांसकट सगळ्यांना आत बोलावलं.