ताणणारीची जागा

खुर्च्या बघायला जाताना मांडाउने बायकोला बरोबर घेतलं ते फक्त रंग सांगण्यापुरतं. लुलोंगला हे दुकानात शिरल्या शिरल्या कळलं आणि तिचं डोकंच फिरलं.

मलेशियातल्या कुचिंग शहरी, नदीकाठच्या बाजारात त्यांचा गोंदणाचा स्टुडिओ उघडायचा होता. आजवर नवरा-बायको घराच्या माडीवर चटई टाकून गोंदत. यंत्रबिंत नाही, दोन काठ्या. एकीच्या टोकाला सुया, दुसरीने तिच्यावर ठोकायचं. मांडाउ ठोकायचा आणि लुलोंग गिऱ्हाइकाची कातडी दोन्ही हातांनी ताणून धरायची. कातडी तंग नसली की सुई भलतीकडे जाते, शाई पसरते, रेघ फाटते. त्यांच्या इबान जमातीत हे कुणाला सांगावं लागत नाही. तरी नाव व्हायचं ते ठोकणाऱ्याचंच. लांबलांबून आलेली माणसं मांडाउच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची. त्या फोटोंत लुलोंग असली तर मनगटापर्यंत.

"किती जण काम करता तुम्ही?" दुकानदाराने विचारलं.

"मी एकटाच," मांडाउ म्हणाला.

लुलोंग शेजारीच उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो एका काळ्या खुर्चीचा बाजूचा दांडा खालीवर करून बघण्यात गुंग होता. दांडा दाबला की खुर्ची फुस्स करून उंच जायची, पाठ आडवी व्हायची, पाय ठेवायला फळी बाहेर यायची. दंतवैद्याकडे असते तशी.

"हीच घे," एडमंड म्हणाला. हा मांडाउचा चुलतभाऊ, पैसा त्याने लावलेला, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर हात ठेवून बोलत होता. "सिंगापुरात सगळे हीच वापरतात. गिऱ्हाईक आत आलं की गार पडलं पाहिजे."

लुलोंगने खुर्चीच्या गादीत कोपर रुतवलं. कोपर आत गेलं.

"आपाय दायांग, हे बघ," ती नवऱ्याला म्हणाली. दायांग जन्मल्यापासून दोघं एकमेकांना लेकीच्या नावानेच हाक मारत, तिचा बाप आणि तिची आई म्हणून. "गादी मऊ आहे. तू ठोकलंस की माणूस खाली जाणार आणि पुन्हा वर येणार. सुई धरणार कुठे?"

"यंत्रवाल्यांचं नाही का होत?" एडमंड मध्येच म्हणाला.

"यंत्र ठोकत नाही रे बाबा. तुला गोंदणातलं एवढं कळतं तर काढ शर्ट, दाखव तुझं."

एडमंडच्या अंगावर टिकलीएवढीही शाई नव्हती. दुकानदार हसला, एडमंड नाही हसला.

"इंदाय दायांग, चारचौघांत काय हे?" मांडाउ दबक्या आवाजात म्हणाला. "तू फक्त सोफ्याचा रंग सांग."

"आणि मी कुठे बसू ते? हिला दोन्ही बाजूंनी हात आहेत. मी गिऱ्हाइकाला टेकणार कशी?"

"तू उभी राहा ना. तुला काय, नुसतं धरायचं तर असतं."

नुसतं धरायचं! लुलोंगच्या अंगाची लाही लाही झाली. गिऱ्हाइकाच्या बरगडीला गुडघा लावून, श्वास बघून, तो दचकायच्या आत हाताखाली कळलं पाहिजे असं ते धरणं. लेक पोटात होती तेव्हाही धरलं. पण दुकानात भांडण नको म्हणून ती गप्प बसली आणि पुढे बराच काळ तिला त्या गप्प बसण्याचाच राग येत राहिला. मांडाउने काळी खुर्ची घेतली, स्वतःला चाकांचं गोल स्टूल घेतलं, पाहुण्यांना लाल सोफा घेतला. रंग एडमंडने सांगितला.

उद्घाटनाला निम्मा गोतावळा लोटला. नैवेद्याची ताटं मांडून झाली, तांदळाच्या दारूचे पेले फिरले, बांबूत शिजवलेल्या कोंबडीचा वास सुटला. पहिलं गोंदण बेलायोंगचं. हा मांडाउच्याच लाँगहाउसचा, म्हणजे अख्खं गाव राहतं त्या एकाच लांबलचक घरातला, उभी हयात समुद्रातल्या तेलविहिरींवर काढून आलेला. वांग्याच्या फुलाचं गोंदण खरं तर घर सोडून कमवायला निघताना खांद्यांवर घेतात. बेलायोंगचं तेव्हा राहून गेलं होतं आणि ते त्याला जन्मभर सलत होतं. आता दोन्ही खांद्यांवर हवं होतं, सगळ्यांदेखत.

तो खुर्चीत आडवा झाला. लुलोंग खुर्चीच्या हातावरून वाकून उभी राहिली. खुर्चीची कड तिच्या पोटात रुतत होती, पाठ अर्ध्यावर मोडल्यासारखी. मांडाउने ठोकायला सुरुवात केली. ठोक्यासरशी बेलायोंग गादीत जाई आणि वर येई. चाकांचं स्टूल प्रत्येक ठोक्याला इंचभर मागे सरके, मांडाउ पायाने ते पुढे ओढी. पहिल्या पाकळीची रेघ फाटली. दुसरीची शाई काखेकडे पसरली.

लोक माना पुढे काढून बघू लागले. इबान माणसाला फाटकी रेघ लांबूनही दिसते.

"अगं नीट ताण ना!" मांडाउ खेकसला. मग वळून पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिचे हात हल्ली ढिले पडलेत. वय झालं."

लुलोंगने हात काढून घेतले. रक्त-शाई फडक्याला पुसली आणि जाऊन लाल सोफ्यावर बसली.

"अगं, काय करतेस? माणूस अर्धवट पडलाय!"

"ठोक की. तू एकटाच काम करतोस ना? दुकानात तूच सांगितलंस."

मांडाउने एडमंडला बोलावलं. एडमंडने बाह्या सरसावल्या, दोन बोटांनी बेलायोंगची कातडी चिमटीत धरली, रक्ताचा पहिला थेंब पाहिला आणि पांढराफटक पडून भिंतीला टेकला. एक म्हातारी खो खो हसली. मांडाउ सोफ्याजवळ आला.

"चल. घरी गेल्यावर बोलू."

"घरी नाही. मला ढिली म्हणालास ते घरी नाही म्हणालास."

"लोक बघताहेत, इंदाय दायांग."

"बघू देत! इतकी वर्षं तुलाच बघताहेत. आज मला बघू देत. रेघ कशाने फाटली ते सांग. माझ्या हातांनी?"

मांडाउ जमिनीकडे बघत म्हणाला, "खुर्चीने."

"खुर्ची कोणी घेतली?"

"मी. चुकलं माझं."

"मला काही ऐकू नाही आलं," बेलायोंग खुर्चीतून ओरडला. "खांदा माझा नासलाय, मला तरी ऐकू येऊ दे!"

"चुकलं माझं!" मांडाउ मोठ्याने म्हणाला. "हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हिच्याशिवाय मला एक रेघ येत नाही. झालं?"

नाही झालं. लुलोंगचा राग तसूभरही उतरला नव्हता. एका वाक्यात उतरावा इतका तो नवा नव्हता. पण बेलायोंगच्या खांद्यावर फाटक्या दोन पाकळ्या होत्या आणि त्याचा त्यात काही दोष नव्हता. ती उठली. खुर्ची ज्या खोक्यातून आली होती ते मागच्या खोलीत पडलं होतं, ते तिने फाडून जमिनीवर पसरलं.

"उतर रे खाली," ती बेलायोंगला म्हणाली. "पाकळ्या जाड कराव्या लागतील. फूल मोठं होईल."

"होऊ दे मोठं. उशिरा आलंय."

तो जमिनीवर निजला. लुलोंगने त्याच्या कुशीला गुडघा लावला, तळवे खांद्यावर पसरले आणि कातडी हळूहळू ताणत नेली. मांडाउ समोर मांडी घालून बसला आणि सवयीने त्याने काठी उचलली.

"थांब," लुलोंग म्हणाली.

तो थांबला. तिने डावा हात सरकवला, पुन्हा सरकवला. बेलायोंगचा श्वास संथ होईपर्यंत वाट पाहिली. सगळी खोली वाट पाहत होती. मांडाउची काठी हवेतच होती आणि नजर बायकोच्या तोंडाकडे.

"हं," ती म्हणाली. "आता ठोक."